उभा पखवाज: कॉकटेल ड्रमच्या रेकॉर्डिंगच्या नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार

ड्रम आला. पुढे दादा गाडी चालवतोय, मधे ड्रम, मागे पुतण्या ड्रमला मिठी मारून बसलेला, अशी वरात सांगलीच्या विश्रामबागेतून गावभागापर्यंत आली. गल्लीच्या तोंडावर एकानं थांबवून विचारलंच, "पिंप कितीला घेतलं?"

दिसतंही पिंपासारखंच. १६ इंच व्यास, २४ इंच उंची, तीन पाय. वरचं पान स्नेअरचं (तारांच्या खळखळीच्या ड्रमचं) काम करतं, त्याच्या आतल्या अंगाला स्नेअरच्या तारा ताणलेल्या. खालचं पान म्हणजे बेस ड्रम. पेडल उलट्या चालीचं: पाय दाबला की बीटर (ठोका देणारा गोळा) खालून वर उसळून पानावर बसतो. कडेला एक छोटी झांज आणि एक काउबेल. वाजवणारा उभा राहून वाजवतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या छोट्या लाउंजांमधून हा प्रकार चालायचा, कारण तिथं पियानोशेजारी आख्खं किट मांडायला जागाच नसायची. दादाला तो पुण्यात एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मिळाला. "जागा कमी, भाडं कमी, रिक्षात मावतो," हे त्याचं तत्त्वज्ञान.

काम असं: दादाच्या तिघांच्या गटाची चार गाणी. गिटार, पेटी आणि हा ड्रम. जागा माझी माडीवरची खोली. मुदत नाताळ. माझ्याकडे चार माइक इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), चार माइक (दोन शुअर एसएम ५७, एक एकेजी डी ११२, एक रोड एनटी १) आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. एवढ्यात भागवायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला प्रयत्न. मोठ्या किटला लावतो तसेच माइक लावले, फक्त लहान प्रमाणात. वर रिमपासून दोन बोटं अंतरावर ५७, खाली डी ११२, दादाच्या डोक्यावर एनटी १.

निकाल भिकार. गंमत अशी की वरचा माइक एकटा ऐकला तर बरा वाटतो, खालचा एकटा ऐकला तर तोही बरा. दोन्ही एकत्र केले की ड्रमचा जीव जातो, पुठ्ठ्याच्या खोक्यावर छडी मारल्यासारखं ऐकू येतं. खालच्या माइकचा फेडर (आवाजाची पट्टी) चढवावा तर आवाज भरायच्या ऐवजी आणखी पातळ.

शिवाय खालचं पान जमिनीपासून जेमतेम फूटभर. तेवढ्यात पेडल, दादाचा पाय, माइकचा स्टँड आणि डी ११२ चं ते अंड्यासारखं धूड. दुसऱ्याच गाण्यात दादाच्या अंगठ्यानं माइकला लाथ घातली. आणि पेडल प्रत्येक ठोक्याला कुईं करतं. खोलीत ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र झांजेच्या वर. आईकडून शिलाई मशीनचं तेल आणून चार सांध्यांना सोडलं. कुईं गेलं, स्प्रिंगची टिंगटिंग राहिली. स्प्रिंगमध्ये कापसाचा बोळा कोंबला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रात्री एकट्यानं ड्रम खोलला. आत जुन्या मालकानं स्पंजचा मोठा तुकडा कोंबलेला होता. त्याचा पार चुरा झालेला, पानावर पिवळी रांगोळी. सगळं झाडून काढलं.

दोन्ही पानं संपलेली. वरच्यावर मधोमध वाटीएवढा खळगा. नवीन मागवली: वर एकपदरी, खरखरीत लेप असलेलं (ब्रश वाजवायचा तर गुळगुळीत पानावर आवाजच येत नाही), खाली दोनपदरी पारदर्शक.

पानं येईपर्यंत खोडाची कड तपासली. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्यावर खोड उपडं ठेवलं, आत मोबाइलचा टॉर्च लावला, दिवा घालवला आणि कडेनं डोळा लावून फिरलो. वरची कड चांगली आहे. खालच्या कडेला एका ठिकाणी चार बोटं लांबीची प्रकाशाची रेघ दिसली. पान तिथं टेकत नाही म्हणजे तिथला स्वर भरकटणार. बारीक पॉलिश पेपर सपाट फळीवर चिकटवून त्यावर खोड गोल गोल फिरवलं, दहा मिनिटं, हलक्या हातानं. रेघ केसाएवढी राहिली. आणखी घासायची हिंमत झाली नाही. आई पाणी प्यायला उठली आणि अंधारात पिंपात उजेड पाहून "काय रे हे?" म्हणाली. काय सांगणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नानांचा.

नाना शेजारच्या वाड्यात राहतात, भजनात पखवाज वाजवतात. वय सत्तरीच्या पुढं, बोटं अजून लोखंडाची. नवीन पानं चढवून मी सुरात लावत होतो: पान ताणणारे आठ रॉड, समोरासमोरचे जोडीनं पिळायचे, प्रत्येक रॉडजवळ बोटानं टिचकी मारून स्वर सारखा करायचा. टिचक्या ऐकून नाना वर आले. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आडवा कर जरा त्याला."

आडवा केला. नाना मांडी घालून बसले, ड्रम पुढ्यात घेतला, डाव्या हातानं खालचं पान, उजव्यानं वरचं. धा, धा, दिं, ता. पेडल नाही, काठी नाही, नुसते तळवे. एवढ्या मोठ्या वाद्यावर त्यांचे हात पुरत नव्हते, तरी दोन मिनिटं मन लावून वाजवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अरे, हा पखवाजच की. उभा केलाय नुसता. तू त्याला दोन वाद्यं समजून बसलायस."

माझी ट्यूब तिथं पेटली.

वरच्या पानावर काठी पडली की पान खाली जातं, म्हणजे वरच्या माइकपासून लांब. आतली हवा दाबली जाते, ती खालच्या पानाला बाहेर ढकलते, म्हणजे खालच्या माइककडे. एकाच ठोक्याला एक माइक "ओढ" लिहितो आणि दुसरा "ढकल". बेरीज केली की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात. पेडलच्या ठोक्यालाही तेच, फक्त दिशा उलट. खालचं पान आत जातं, वरचं फुगतं. ठोका कुठूनही येवो, दोन्ही माइक कायम एकमेकांच्या विरुद्ध. मोठ्या किटवर स्नेअरच्या खालच्या माइकचा फेज उलटा करतात, म्हणजे ओढीची ढकल आणि ढकलीची ओढ, हे मला कॉलेजपासून पाठ आहे. इथं खालच्या माइकला "बेस ड्रमचा माइक" असं नाव दिलं आणि तिथंच फसलो. तो बेस ड्रम नाहीच. ते त्याच ड्रमचं दुसरं तोंड आहे.

रीपरमध्ये खालच्या ट्रॅकवरचं फेजचं बटण दाबलं. एक क्लिक. परवाचंच रेकॉर्डिंग, तेच माइक, आणि ड्रम अंगात आल्यासारखा उभा राहिला. नानांना हेडफोन दिला. त्यांनी बटण तीन वेळा चालू-बंद करून ऐकलं. "असं आधीच का नाही दाबलंस?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

दोन माइकच्या मधे वाद्याची उंची ६१ सेंटीमीटर. आवाजाला तेवढं जायला साधारण पावणेदोन मिलिसेकंद लागतात. म्हणजे फेज उलटा करूनही २८० हर्ट्झच्या आसपास थोडा खड्डा पडणारच. मी ट्रॅक सरकवून तो बुजवला, ऐकलं आणि परत होता तिथं आणून ठेवला. कारण तो खड्डा बरोबर तिथं पडतो जिथं या ड्रमचा "डब्बा" आवाज आहे. फुकटात इक्वलायझर (ठराविक स्वर कमी-जास्त करणारं साधन) मिळालाय, बुजवायचा कशाला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

खालचं पान सैल केलं तर सुरकुत्या पडून फडफड, ताणलं तर टॉमसारखं "डुंग". मधलं काही मिळेना. नाना म्हणाले, "कणीक लाव."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, कार्यक्रम संपला की खरवडून काढतात. वजनानं पान जड होतं, स्वर खाली उतरतो आणि घुमारा येतो. तत्त्व बिनचूक आहे: पान सैल न करता खर्ज मिळवायचा तर पानाचं वजन वाढवायचं. अडचण एवढीच की पखवाज आडवा असतो. आमचं तोंड जमिनीकडं.

आईनं पोळ्यांच्या कणकेतला गोळा दिला. बीटर मधोमध बसतो म्हणून मी कणीक जरा बाजूला थापली, पुरीएवढी. दादानं पेडल मारलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. असा खर्ज या खोलीत कधी ऐकला नव्हता. ठोका पडतोय आणि मागून एक स्वर खाली घसरत जातोय, डग्ग्यावर मनगट दाबल्यासारखा. साडेतीन मिनिटं रेकॉर्ड केलं. चौथ्या मिनिटाला गोळा सुटला आणि थेट डी ११२ च्या जाळीवर. टपकन्. तो टपकन् रेकॉर्डिंगमध्ये फार सुंदर आलाय.

जाळी काढून जुन्या टूथब्रशनं साफ करण्यात तास गेला. सकाळी उठलो तर माइकच्या केबलवरून मुंग्यांची रांग.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुंग्या गेल्यावर शहाणपण सुचलं. खरवडलेली कणीक किचनच्या काट्यावर ठेवली: ५८ ग्रॅम. वाळून थोडं घटलं असेल, पण अंदाज मिळाला. चपलेच्या दुरुस्तीवाल्याकडून जाड चामड्याचा गोल तुकडा कापून आणला, त्याला आणखी एक जोडून वजन साठाच्या आसपास आणलं आणि दुहेरी टेपनं त्याच जागी चिकटवला. कणकेएवढं सुंदर नाही. कणीक मऊ असते, ती पानाबरोबर लवते. चामडं अडून बसतं. पण खर्ज उतरला, फडफड गेली आणि मुंग्या येत नाहीत.

संध्याकाळी नवीनच भूत. पेडलचा ठोका ठीक, पण त्याच्या मागं एक "ऊंऽऽ" रेंगाळतो, ड्रम हातानं दाबून धरला तरी. म्हणजे ड्रम नाही, खोली बोलतेय. टेप काढून मोजली. १२ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीनं भागायचं: लांबीचा स्वर ४७ हर्ट्झ, रुंदीचा ५६, उंचीचा ६३. ट्यूनरच्या ॲपवर खालचं पान बघितलं तर ६४. झालं! जमीन आणि छत यांच्या मधे जो स्वर घुमतो त्याच्यावरच मी पान लावून ठेवलं होतं. आणि माइक ठेवलाय कुठं, तर जमिनीलगत, जिथं तो घुमारा सगळ्यात जास्त असतो.

चार रॉड पाव पाव फेरा, मग उरलेले चार. पान ७१ वर आणलं. "ऊंऽऽ" गेला. मी आधी कोपऱ्यात गाद्या उभ्या करायच्या विचारात होतो. गादीनं ६३ हर्ट्झला काडीचा फरक पडला नसता.

वाकळी मात्र वेगळ्या कामाला आल्या. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधे टाळी वाजवली की "टर्र" असा पडसाद येत होता. आईच्या दोन वाकळी एका भिंतीवर टांगल्या, ड्रमखाली सतरंजी दुमडून. टर्र बंद. वाकळीसारखं अकूस्टिक पॅनेल नाही. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर, आणि मागायला गेलं तर घरातच असते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

स्नेअरच्या तारांनी डोकं फिरवलंय. पेडल मारलं की वरच्या पानाखालच्या तारा खळखळतात, प्रत्येक ठोक्याला. साहजिक आहे, आतली हवा एकच. तारा सैल कराव्या तर काठीचा ठोका मातीवर पडल्यासारखा. ताणाव्या तर गळा दाबल्यासारखा. दादाचा सल्ला: मधे प्लायवूडचा पडदा ठोकून पिंपाचे दोन भाग करू. काही कॉकटेल ड्रममध्ये असा पडदा असतोही. पण मग नानांचा पखवाज मेला. मी नाही म्हटलं.

आज पेटीच्या सुराशी जुळवायला घरचा तंबोरा घेऊन मिरजेला गेलो होतो. त्याची जवारी, म्हणजे तारेला गुंज देणारा घोडीचा घासलेला माथा, बिघडली होती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात त्याची चौकट भिंतीवर आणि खाली कारागीर तीच जुनी कानस घेऊन बसलेले. त्यांनी घोडीवर कानस दोनदा फिरवली, तार छेडली, परत एकदा फिरवली. मग तारेखाली सुताचा दोरा घातला आणि नखानं पुढं सरकवत गेले. दोरा केसाएवढा सरकला की आवाज बदलतो: आधी बद्द, मग नुसती झणझण, आणि मधे एका जागी तार एकदम उघडते, गुंजायला लागते. ते तिथं थांबले. मी विचारलं, "कसं कळतं इथंच थांबायचं?" म्हणाले, "पुढं गेल्यावर कळतं. मग मागं यायचं."

घरी आल्या आल्या स्नेअरचा स्क्रू धरला. आजवर मी तो अर्धा-अर्धा फेरा पिळत होतो. आता आठवा भाग. दादा पेडल आणि काठी आलटून पालटून मारतोय, मी कान पानाशी. गळा दाबला जाईपर्यंत गेलो, मग मागं. एका जागी तार काठीला उत्तर देते आणि पेडलला नुसती कुजबुज करते. शिवाय तारांच्या दोन्ही टोकांना, पट्टीजवळ, सुती दोऱ्याचे दोन वेढे दिले. टोकं मोकळी असली की तीच जास्त खळखळतात. आणि वरचं पान थोडं चढवलं, खालच्याच्या दुपटीवर, १४२ च्या जवळ. नाना डाव्या तोंडाला उजव्याच्या बरोबर खालच्या सप्तकात ठेवतात, तसंच.

कुजबुज राहिलीय. राहू दे. गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावून कापून बघितली तर पेडलचा ठोका कुणीतरी दार लावल्यासारखा बंद होतो.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. नाना नरसोबाच्या वाडीला. दादाचीही सुपारी आहे. मी एकट्यानं केबलींची गुरगुर शोधली. एनटी १ मध्ये बारीक "हम्म" येत होतं, ५० हर्ट्झ आणि वर त्याची पिल्लं. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब. बॅटरीवर रेकॉर्ड करायचं, संपला विषय.

ऊस मात्र संपत नाही. हंगाम सुरू झाल्यापासून रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, आणि प्रत्येकावर साखर कारखान्यालाही ऐकू जाईल एवढं गाणं. खिडकीच्या फटीत कापड कोंबून उपयोग नाही, तो खर्ज भिंतीतून येतो. दुपारी दोन ते चार बरी वेळ दिसते.

७ डिसेंबर, रविवार

माइकच्या जागांचा दिवस. दादाला एकच ठेका दीड तास वाजवायला लावला, तो बायकोला फोनवर "मला वाचव" म्हणाला.

वरचा: ५७ रिमच्या बाहेरून, पानाकडं तिरका, झांजेकडं पाठ करून. झांज या ड्रमला जडलेलीच असते, पानापासून वीतभर लांब, त्यामुळं माइकची पाठ तिच्याकडं नसेल तर सगळीकडं "छिस्स". मधोमध तोंड केलं तर नुसता "टक", कडेकडं वळवलं तर पानाचा स्वर येतो. मधल्या अंतराच्या निम्म्यावर ठेवला.

खालचा: डी ११२ काढून टाकला. धूड आहेच, वर त्यानं ठोक्याचा टोकदार भाग फुगवून दाखवला, आणि या ठोक्याला मुळात तेवढं टोक नाही. त्याच्या जागी दुसरा ५७, सतरंजीवर छोट्या वाळूच्या पिशवीवर आडवा, तोंड वर पानाकडं, बीटरपासून चार बोटं बाजूला. पानाच्या इतक्या जवळ गेला की खर्ज आपोआप फुगतो, तेवढा पुरतो. दादाच्या अंगठ्यालाही सापडत नाही.

बाउंड्री प्रकारचा चपटा माइक एका साउंडवाल्या मित्राकडून आणून जमिनीवर ठेवून बघितला. खर्ज छान, पण दादाची टाच, स्प्रिंग, खालच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळं आलं. परत दिला.

आता खरी गोष्ट एनटी १ ची. डोक्यावर लावला होता तेव्हा फक्त झांज आणि दादाची दाढी. आज तो खाली आणला. समोरून, अडीच फुटांवर, उंचीला खोडाच्या मध्यावर. म्हणजे वरचं पान आणि खालचं पान दोन्हीपासून सारख्याच अंतरावर. ढोलकीला एकच माइक असला की तो असाच मधे समोर लावतात, हे मी शंभर तमाशांच्या स्टेजवर बघितलंय. या एका माइकमध्ये आख्खा ड्रम आला. काठी, खर्ज, काउबेल, सगळं आपापल्या जागी. जवळचे दोन माइक बंद करून नुसता हा ऐकला तेव्हा दादा म्हणाला, "मग इतके दिवस आपण काय करत होतो?"

आता एनटी १ मुख्य. दोन ५७ त्याला मिठासारखे. आणि सगळं मोनो. चाळीस सेंटीमीटर रुंदीच्या वाद्याला डावं-उजवं कसलं?

एक शेवटची भानगड. दादा जोरात मारतो. मिरवणुकीत वाजवून हात तसा झालाय. जोरात मारलं की हे वाद्य ओरडतं, हळू वाजवलं की गातं. ब्रशनं चार गाण्यांपैकी दोन सुटली, उरलेल्या दोनला ब्रश पातळ पडतो आणि काठी जड. दुकानात मिळणाऱ्या काड्यांच्या जुडग्याची किंमत ऐकून दादा बाहेर गेला आणि अंगणातल्या खराट्याच्या काड्या घेऊन आला. पंधरा-पंधराच्या दोन जुड्या, इलेक्ट्रिकल टेप, मुठीजवळ सायकलच्या ट्यूबचं रबर. पहिल्या जुडीला अर्धी धूळ उडाली. आवाज मात्र नेमका हवा तो. खराटा आता अर्धा राहिलाय, आईला अजून कळलेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आठवड्यात चाचणीचं गाणं चार ठिकाणी ऐकलं: हेडफोन, दादाच्या गाडीतला स्पीकर, मोबाइल, आणि आयर्विन पुलाजवळच्या चहाच्या टपरीवरचा ब्लूटूथ डबा. टपरीवर खर्ज नाहीच, पण ठोका कळतो, कारण बीटरचा "थप" येतो. तो नसता तर मोबाइलवर पेडल वाजतंय हे कळलंच नसतं. बीटर फेल्टचाच ठेवला. लाकडी लावून बघितला तर पेटीच्या वर जातो.

इक्वलायझर जवळजवळ नाही. समोरच्या माइकवर ४० हर्ट्झच्या खालचं कापलं (ट्रॅक्टर), वरच्या ५७ वर ५ किलोहर्ट्झला किंचित उचल. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) फक्त तिन्ही माइकच्या बेरजेवर, दोन-तीन डेसिबल, अटॅक सावकाश, म्हणजे काडी आधी निसटते आणि मग तो धरतो. आधी मी तिन्हीवर वेगवेगळे लावले होते. एका तोंडाला दाबलं की दुसऱ्या तोंडातून फुगायचं, फुग्यासारखं.

पेटीवाली ताई म्हणाली, "ड्रम पेटीच्या सुरात नाहीये." बरोबर. तिची गाणी काळी दोनमध्ये, आमचं वरचं पान १४२ वर, म्हणजे काळी एकच्या थोडं वर. धड इकडे ना तिकडे. वर काळी दोनला म्हणजे १५६ ला नेलं तर खालचंही ७८ ला न्यावं लागेल आणि कणकेसाठी केलेला आटापिटा वाया. खाली १३९ ला आणलं, खालचं ७० च्या आत-बाहेर. काळी एक म्हणजे काळी दोनचा कोमल निषाद. ताईनं दोनदा ऐकलं. "आता टोचत नाही."

२० डिसेंबर, शनिवार

दुपारी सव्वादोनला सुरुवात. लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, वाकळी टांगलेल्या, दादा अनवाणी. चपलेचा आवाज येतो हे मागच्या रविवारी कळलं. दादा, ताई आणि मी एकाच खोलीत, ड्रम दाराच्या बाजूला, पेटी पलंगावर. पेटीत ड्रम थोडा येतोय, येऊ दे. चौथा इनपुट पेटीला दिला, गिटार नंतर वरून.

पहिली दोन गाणी दुसऱ्या-तिसऱ्या टेकला. तिसऱ्याच्या मधेच खराट्याची काडी मोडून माझ्या चहात पडली. चौथं गाणं चालू असताना नाना दार ढकलून आत आले, हातानं "चालू द्या" म्हणाले आणि पलंगाच्या कडेला बसले. शेवटच्या कडव्याला दादानं पेडल सोडून खर्जाची जागा मोकळी ठेवली आणि नुसत्या काड्या पानाच्या कडेला वाजवल्या. हे ठरलेलं नव्हतं. नानांनी मांडीवर ताल धरला होता. त्यांच्या तळव्याचा आवाज एनटी १ मध्ये बारीक आलाय, सम चुकवत नाहीत.

तोच टेक ठेवला. पावणेचारला.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी ऐकलं. दुसऱ्या गाण्यात दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर लांबून ट्रॅक्टर जातो. दुपारी अडीच वाजता! गाणं कुठलं लावलंय तेही कळतं. कापायचा प्रयत्न केला, पेटीचा खर्ज जातो. गिटार आली की झाकला जाईल असं दादाचं म्हणणं. गिटारवाला परवा येतोय.

चामड्याचा तुकडा एका कडेनं सुटायला लागलाय, टेप बदलायची. आईनं अंगण झाडायला खराटा मागितला.